भाडं अधिक डोंगर

जगात जिथे जिथे डोंगर टिकले आहेत, तिथे तिथे त्यांच्यामागे कुणातरी एका माणसाचं जागरूक, तपस्वी आयुष्य उभं आहे. आमच्या डोंगरामागे जो माणूस उभा होता तो दुपारी दोन ते पाच झोपत असे. त्या वेळात पृथ्वी बुडाली तरी उठवू नये, अशी त्याची घरात कायमची सूचना होती.

हा माणूस म्हणजे माझे घरमालक. भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या जुन्या वस्तीला लागून त्यांची तीन मजली इमारत होती. मालक मूळचे तिथलेच, आगरी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे गंभीर विषयावर ते खात्याच्या परिपत्रकासारखं बोलत आणि घाई झाली की गावासारखं. सगळे भाडेकरू त्यांना मालक म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. मामींचा मालक कोण, हा प्रश्न कुणी काढत नसे.

भाईंदरमध्ये खोली बघायला गेलं की मालक लोक ठरलेले प्रश्न विचारतात. लग्न झालंय का, मटण-मासे खाता का, पाहुणे किती येतात. या मालकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून विचारत असतील असं मला वाटलं. मी म्हटलं, "चांगले आहेत."

"मग खोली तुमची."

जिना उतरताना एजंट हळूच म्हणाला, "इकडे भाडं अधिक डोंगर असं असतं हां. बोललो नव्हतो, कारण बोललो की पार्टी पळते."

अट अशी की दिवाळी ते होळी, दर रविवारी सकाळी, प्रत्येक खोलीतून एका माणसाने मालकांबरोबर डोंगरावर कामाला यायचं. करारनाम्यात याचा उल्लेख नव्हता. न येणाऱ्याचं पाणी तोडणं, वीज तोडणं असले प्रकार मालकांना पसंत नव्हते. ते फक्त एक घडीची खुर्ची घेऊन त्या भाडेकरूच्या दारात बसत आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागत. बाजारभाव, निधन, निविदा सूचना, सगळं. निविदांच्या तिसऱ्या परिच्छेदापर्यंत भल्याभल्यांच्या पायात बूट चढलेले असत.

डोंगर महामार्गापलीकडे, काशिमिऱ्याच्या अंगाला होता. त्याचं नाव बोडका. एका बाजूने खाणीने खाल्लेला आणि उरलेल्या बाजूंनी दर उन्हाळ्यात जळणारा. कधी कुणी नवं गवत यावं म्हणून पेटवी, कधी कुणी विडी टाकी, कधी कुणी नुसतंच कसं दिसतं ते बघायला काडी लावी. पावसाने जे काही उगवे ते होळीच्या आसपास काळं होऊन जाई. पायथ्याला एक पाडा होता. पाड्याची विहीर डोंगर जळला की महिन्याभरात आटे. डोंगर आणि विहीर यांचा संबंध मला कळायला पुस्तक लागलं नाही. त्या विहिरीत वाकून बघावं लागलं.

पहिल्या रविवारी मी मालकांना विचारलं, की गोडदेवच्या माणसाला महामार्गापलीकडच्या डोंगराचं एवढं काय? मालकांनी पायाखाली बोट दाखवलं. आम्ही अजून इमारतीच्या आवारातच होतो.

"हे सगळं भातशेत होतं," ते परिपत्रकाच्या भाषेत म्हणाले. "इमारत उभी करायची तर माती-मुरमाची भर हवी. ती भर त्या डोंगरातून आली. ट्रकने. आमच्या वडिलांनी टाकली आणि पुढचा ट्रक कुठे रिकामा करायचा ते मी दाखवत होतो. तुम्ही राहता माझ्या घरात, पण उभे त्याच्यावर आहात." मग गावच्या भाषेत, "चला आता, ऊन लागंल."

मला वाटलं होतं आपण झाडं लावायला चाललोय. घरातून जुन्या बाटलीत पाणी घेतलं होतं, मनात एक वडाचं रोप आणि त्याच्या शेजारी आपला फोटो. डोंगरावर पोचल्यावर माझ्या हातात विळा आला. मालकांचा झाडं लावण्यावर विश्वास नव्हता. "लावलेलं झाड आपल्या तोंडाकडे बघत बसतं, कधी पाणी घालतोस म्हणून. आपलं आपण आलेलं झाड कामाला लागतं." त्यांच्या मते डोंगराला काही द्यायची गरज नव्हती, फक्त त्याला कुणी पेटवायला नको होतं. म्हणून आमचं काम एकच, जाळरेषा काढणं. डोंगराच्या कडेने एक रुंद पट्टा घ्यायचा, त्यातलं वाळलेलं गवत कापायचं, झाडून बाजूला न्यायचं, जमीन उघडी करायची. खालून आग आली की त्या पट्ट्यावर तिला खायला काही मिळत नाही आणि ती मरते. हे इतकं कंटाळवाणं काम आहे की त्याचा फोटो काढला तरी रिकाम्या जमिनीचा येतो.

कामगार मंडळी म्हणजे आम्ही भाडेकरू. जिग्नेशभाई हे केबिन रोडवरच्या साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. ते गवतसुद्धा साडीच्या घडीसारखं रचून ठेवत आणि म्हणत, "मालक, देखो, फॉल-पिको के साथ." दुबेजी रिक्षा चालवत. त्यांच्या गावाकडे लांबलचक सपाट जमीन होती आणि डोंगर हा प्रकार त्यांना मुळात गैरसोयीचा वाटे. "मालिक, पहाड़ को बचाना है ठीक है, लेकिन इतना ऊँचा काहे बचाना?" असं ते दर रविवारी अर्ध्या चढावर विचारत. मालक दर रविवारी उत्तर देत, "खालून बचावला तर वर कोण जातंय बघायला?"

दुपारी जेवण. मामींनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेले सुके बांगडे आणि जिग्नेशभाईंसाठी वेगळ्या फडक्यात बटाटा. नेलेलं सगळं परत आणायचं, हा नियम. त्यात माशाचा काटाही आला. मी एकदा म्हटलं, "मालक, काटा कुजतो की."

"कुजतो. पण मुंग्यांना सवय लागते. मग एखाद्या रविवारी आपण आलो न्हाय तर शिव्या कुनाला, मला."

जेवण झालं की मालक एका कुंभ्याच्या झाडाच्या सावलीत तिथल्या मऊ गवतावर आडवे होत. दोन ते पाच डोंगरावरही दोन ते पाचच असत.

असे काही हिवाळे गेल्यावर बोडक्याच्या अंगावर काहीतरी दिसू लागलं. आधी करवंदाच्या जाळ्या. मग जाळ्यांच्या आत, गुरांना तोंड घालता येणार नाही अशा जागी, ऐन आणि पळसाची पोरं. मला झाडांतलं काही कळत नव्हतं, तरी सोमवारी ऑफिसात मी लोकांना सांगत सुटलो होतो की आमचा ऐन कमरेला आला. माझं लग्न ठरत नव्हतं, त्यामुळे लोक सहानुभूतीने ऐकत.

याच सुमारास भाईंदर पश्चिमेच्या एका सभागृहात पर्वतीय प्रदेशांचा शाश्वत विकास या विषयावर परिसंवाद झाला. मालक आम्हाला घेऊन गेले. व्यासपीठावर कृत्रिम धबधबा होता. एका वक्त्याने पडद्यावर हिमनद्या दाखवल्या. दुसऱ्याने समतोल, सहभाग आणि संवेदना यांचा त्रिकोण काढला. तिसरे वेळेअभावी बोलले नाहीत, ते सगळ्यांत चांगले वाटले. शेवटी प्रश्नोत्तरं. मालक उभे राहिले. "भाषणं आवडली. येत्या रविवारी कोण कोण येताय?"

सभागृहात धबधब्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

परत येताना दुबेजींनी विचारलं, "मालिक, ये शाश्वत मतलब क्या?" मालक म्हणाले, "भाडेकरू अकरा महिने टिकतो. त्याच्यानंतर जे टिकतं ते."

आता त्या दुपारबद्दल. ते लिहिताना अजून माझ्या हाताला घाई होते.

होळी तोंडावर होती, वार मधलाच कुठलातरी. मला सुट्टी होती आणि मी खोलीत लोळत होतो. तीनच्या सुमारास खालून मामींचा आवाज आला. मामी कधीच आवाज चढवत नसत, त्यांना गरज पडत नसे. मी धावत उतरलो. पाड्यावरच्या एका बाईचा मामींना फोन आला होता. बोडक्याच्या पश्चिमेकडून धूर येतोय, वाराही तिकडूनच आहे. मामी पलंगाशी उभ्या होत्या. मालक घोरत होते. आजवर ती सूचना कुणी मोडली नव्हती.

"पृथ्वी बुडाली तरी उठवू नका बोलले होते ना?" मामी म्हणाल्या. "बुडत न्हाय. जळतेय. उठा."

मालक उठले ते थेट उभेच. लेंग्यावर, चष्म्याशिवाय. "फोन लाव सगळ्यांना," ते मला म्हणाले.

"सगळ्यांना म्हणजे? इमारतीतल्या?"

"इमारतीतल्या, गेलेल्या, सगळ्यांना."

तोवर मामींनी गोणपाटं काढून पाण्याच्या टाकीत बुडवायला घेतली होती. दुबेजी पॅसेंजर सोडून आले. पॅसेंजर सोडला नव्हता असं नंतर कळलं, तोही बरोबर होता, नवघरला उतरायचा होता आणि शेवटपर्यंत नवघरला उतरलाच नाही. जिग्नेशभाई ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकापुढे पसरलेल्या साड्या तशाच टाकून आले, खांद्यावर एक शालू तसाच राहिलेला. मी फोन लावत होतो आणि पलीकडून लोक फक्त "निघालो" म्हणत होते. वसईला गेलेले, नालासोपाऱ्याला गेलेले, मीरा रोडला स्वतःची जागा घेतलेले. ज्यांच्यावर आता कसलीही अट नव्हती असे लोक.

आम्ही पोचलो तेव्हा आग जाळरेषेपाशी आली होती. मी आयुष्यात इतकं सुंदर आणि इतकं भीतीदायक काही बघितलं नाही. माणसाएवढी ज्वाळ पट्ट्याच्या कडेपर्यंत येई, पुढे वाकून बघे, खायला काही नाही असं दिसलं की बसून जाई. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा रविवार, आम्ही कापलेला एकेक तुकडा धरत होता. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओरडत पट्ट्याच्या आतून तिच्याबरोबर पळत होतो. दुबेजी आपल्या हिश्शाचा तुकडा आला की आगीकडे बोट करून सांगत, "ये हमारा है, यहाँ से नहीं जाएगी." आणि नाही गेली.

मग ती कुंभ्यापाशी आली.

कुंभ्याखाली आम्ही जेवायला बसत होतो. तिथलं गवत मऊ होतं. मालकांना तिथे झोप चांगली लागे, म्हणून त्यांनीच सांगितलं होतं की एवढं राहू द्या. अख्ख्या रेषेत तेवढीच जागा कुणी कापली नव्हती. सतरंजीएवढी. आणि आगीला कुणीतरी पत्ता दिल्यासारखी ती तिथूनच आत शिरली.

पुढे करवंदाच्या जाळ्या होत्या, त्यांच्या आत ऐनाची पोरं. मालक ओलं गोणपाट घेऊन त्या गवतात घुसले आणि बडवायला लागले. आम्ही सगळेच घुसलो. गोणपाट वर उचलायचं नाही, दाबून ओढायचं, नाहीतर ठिणग्या उडतात, हे मालक खोकत खोकत सांगत होते. धुरात कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं. ओळखीचे खोकले ऐकू येत होते. तेवढ्यात मागून पावलं वाजली. नालासोपारा आला होता. वसईवालेही आले. आपापल्या घरून फडकी, चादरी भिजवून आणलेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन जाळ्या जळल्या आणि तिसरीच्या पायाशी ती विझली.

काळे ठिक्कर झालेले आम्ही एकमेकांकडे बघून हसायला लागलो. जिग्नेशभाईंनी खांद्यावरच्या शालूकडे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "आता हा मलाच नेसावा लागणार." नवघरच्या पॅसेंजरने विचारलं, पुढचा रविवार कधी असतो. मालक मात्र हसले नाहीत. आपल्या झोपेच्या जागेवर बसून ती राख हाताने चाचपत होते.

"मीच बोललो होतो, राहू द्या," ते म्हणाले.

"आमीबी मोळ्या आणताना तिथंच लोळत होतो ना," पाड्यावरची ती बाई म्हणाली. ती कधी येऊन बडवायला लागली होती ते कुणालाच कळलं नव्हतं. "आता दगडावर बसून जेवा."

पुढच्या रविवारी मालकांनी सगळ्यात आधी तीच जागा कापली. दगडावर बसून भाकरी खाल्ली आणि पाच वाजेपर्यंत जागे राहिले, डोळे लाल करून.

डोंगर वाचला, आणि वाचल्यामुळेच संकटात आला. पावसाळ्यात बोडका असा हिरवा झाला की महामार्गावरून दिसू लागला. जी गोष्ट महामार्गावरून दिसते तिचं कुणीतरी उद्घाटन करतंच. एका नव्या प्रतिष्ठानचा संयोजक मालकांकडे आला. तरुण, पांढरा शर्ट, दोन फोन. हरित पर्वत महाअभियान. साहेब स्वतः येणार, हजारो गुलमोहर लागणार.

"कुठे लावणार?" मालकांनी विचारलं. "जागा कुठाय? झाडं आहेत तिथे."

"झाडं कुठे काका, झुडपं आहेत. जेसीबी लावून एका दिवसात साफ करून देतो. झाडं लावायला जागा तर करावी लागेल ना."

हे तो चहा पिता पिता म्हणाला. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हे सगळ्यात वाईट.

त्या दुपारी मालक झोपले नाहीत. मामींनी घाबरून आम्हाला बोलावून घेतलं. मी म्हटलं, निवेदन देऊ. जिग्नेशभाई म्हणाले, मानवी साखळी करू, दुकानातून पोरं आणतो. दुबेजींनी जेसीबीच्या टायरविषयी काही व्यावहारिक माहिती दिली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"विरोध केला की ते हट्टाला पेटतात," ते म्हणाले. "सोय केली की विसरतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संयोजकाला पुन्हा बोलावलं आणि अतिशय काळजीच्या सुरात विचारलं, की साहेब चढणार कुठून? पावसात दगडाला शेवाळ असतं. साहेबांचे बूट पांढरे असतात असं ऐकलंय. मंडप वाऱ्यावर टिकेल का? माइकला वीज? महिला आघाडीची सोय? बिबट्या फक्त सकाळी आणि संध्याकाळी येतो, त्यामुळे मधली वेळ ठेवावी लागेल.

संयोजकाचे दोन्ही फोन खाली आले. "मग काय करू काका?"

"आमच्या पार्किंगमध्ये करा. गेटपर्यंत गाडी येते."

"पण पर्वत पाहिजे ना काका. बॅनर छापलाय."

"तुम्ही उभे आहात तो पर्वतच हाय," मालक म्हणाले. "ट्रकने आणलाय. इथली सगळी भर बोडक्याची. वाटलं तर फरशी उचकटून दाखवतो."

संयोजक पायाखाली बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "काका, हा तर एकदम कॉन्सेप्ट आहे."

आणि झालं तसं. फरशा उचकटल्या. आमच्या गाड्या महिनाभर नवघरच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. खड्ड्यांचं कंत्राट दिलेलं होतं, ते सगळे खणले गेले, दोन टाकीच्या झाकणाला टेकून आणि एक जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे, त्यामुळे आम्ही दुसऱ्या पायरीपासून घरी जायला शिकलो. मागच्या भिंतीवर बॅनर लागला. त्यावर बर्फाची शिखरं होती आणि त्यांच्या वर, गच्चीच्या कठड्यावर, मामींनी वाळत घातलेल्या चादरी. साहेब आले, बूट खरोखरच पांढरे. त्यांनी माती लोटली आणि माइकवर म्हणाले, "या पर्वताच्या माथ्यावर उभं राहून मी आपल्याला शब्द देतो."

टाळ्या वाजल्या. मालकांना शाल-श्रीफळ मिळालं. तेव्हा अडीच वाजले होते, त्यामुळे ते श्रीफळ मांडीवर ठेवून व्यासपीठावरच झोपले. दुसऱ्या दिवशीच्या फोटोखाली "भावविवश" असं छापून आलं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो. मला सारखं आठवत होतं, की या क्षणी महामार्गापलीकडे डोंगरावर एकही माणूस नाही, एकही यंत्र नाही आणि पाऊस पडतोय. इतका आनंद मला कुठल्याही समारंभात झालेला नाही.

पुढे मीही मीरा रोडला राहायला गेलो. बोडक्यावर जेसीबी कधी चढला नाही. अजूनही दिवाळी ते होळी तिथे जाळरेषा निघते. पाड्याची विहीर आता उन्हाळाभर टिकते. करवंदं पिकली की पाड्यावरच्या बायका मामींना टोपलीभर पाठवतात, आणि मामी त्यांतली चार आम्हा जुन्या भाडेकरूंना देतात, मोजून, डोंगर लोकांचा आहे म्हणून.

त्या वर्षीचा हरित पर्वत पुरस्कार आमच्या पार्किंगला मिळाला. खाडीच्या मोठ्या भरतीला त्या पर्वतावर घोटाभर पाणी चढतं.